नारुतो संपलं, आता बोरुतो हातात घ्यायचं का?

आधीच सांगतो, खाली स्पॉयलर आहेत, दोन्हीकडचे. नारुतो म्हणजे त्याच नावाच्या निन्जा पोराची जपानी कॉमिक, म्हणजे मांगा, आणि बोरुतो म्हणजे त्याच्या मुलाची, पुढची गोष्ट. नारुतोचे ७०० चॅप्टर वाचून झालेत आणि आता पुढचं घ्यावं की हेच परत पहिल्यापासून काढावं असा ज्यांना प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय, बाकीच्यांनी आधी ते ७०० वाचा, निवांत, घाई नाही. मी या फेऱ्यातून गेलोय. नारुतो कॉलेजात सुरू केलं, नोकरी लागल्यावर संपलं, मग बोरुतोचे सुरुवातीचे काही खंड कपाटात आले आणि नंतरचे आलेच नाहीत. का आले नाहीत ते सांगतो, पण "बोरुतो बेकार आहे" असं म्हणून मोकळं होता येत नाही कारण मी ते अजूनही वाचतोय, दर महिन्याला, न चुकता, शिव्या घालत का होईना.

पहिली गोष्ट, तुलना करताना लोक एक विसरतात. नारुतो आठवड्याला यायचं, १९९९ ते २०१४, पंधरा वर्षं आणि ७२ खंड. बोरुतो मे २०१६ मध्ये सुरू झालं ते महिन्याला एक चॅप्टर या हिशोबाने, एप्रिल २०२३ पर्यंत ८० चॅप्टर, २० खंड, मग चारेक महिन्यांनी 'टू ब्लू व्होर्टेक्स' या नावाने पुढचा भाग. म्हणजे चॅप्टर चाळीसेक पानांचा असला तरी एकूण पानं मोजली तर बोरुतोला माणसं उभी करायला जागाच कमी मिळालीय. त्यात सुरुवातीला लिहिणारे कोदाची, चित्रं इकेमोतोंची, नारुतोचे मूळ कर्ते किशिमोतो फक्त देखरेखीला, आणि २०२० च्या शेवटी शेवटी किशिमोतो स्वतः लिहायला आले. त्यामुळे "बोरुतो" म्हणून आपण जे एकच म्हणतो ते खरं तर दोन-तीन वेगवेगळे तुकडे आहेत आणि सगळ्यांची चव एक नाही.

सुरुवात मात्र लोक म्हणतात तेवढी वाईट नाही हं. उलट एक जागा तर मला फारच आवडते. नारुतोच्या पहिल्याच चॅप्टरमध्ये काय होतं आठवा, नापास झालेला पोरगा झोक्यावर एकटा बसलाय, बाकीच्या पोरांचे आईबाप कौतुक करतायत, आणि चॅप्टर संपता संपता इरुका सर पाठीवर वार झेलतात आणि स्वतःची कपाळपट्टी, म्हणजे निन्जा झाल्याची खूण, काढून याच्या कपाळाला बांधतात. आता बोरुतोत या, चुनिन परीक्षा, म्हणजे निन्जांची बढतीची परीक्षा, चालूय, बोरुतो हातात आयत्या शक्ती सोडणारं सायंटिफिक यंत्र लपवून चीटिंग करतो आणि सगळ्या स्टेडियमसमोर त्याची कपाळपट्टी काढून घेतं कोण, तर नारुतो. ज्याला ती पट्टी मिळाल्यावर जगण्याला अर्थ आला त्याच माणसाला ती स्वतःच्या पोराच्या कपाळावरून काढावी लागते. कुणी त्यावर भाषण देत नाही, इरुकाचा फ्लॅशबॅक पण नाही, आपल्यालाच आठवतं. असं दहा ठिकाणी असतं तर मी हे सगळं लिहिलंच नसतं, वीसच्या वीस खंड घेऊन मोकळा झालो असतो.

तो केकचा प्रसंग पण तसाच. बोरुतोच्या बहिणीच्या, हिमावारीच्या वाढदिवसाला होकागे साहेब, म्हणजे आता गावाचा प्रमुख झालेला नारुतो, स्वतः येत नाहीत, क्लोन पाठवतात, आणि क्लोन केक हातात घेऊन उभा असतानाच फुस्स होतो, केक जमिनीवर. मी नारुतो वाचायला लागलो तेव्हा त्या झोक्यावरच्या पोराच्या बाजूने होतो, आणि आता हे वाचताना मी चक्क होकागेच्या बाजूने होतो, म्हणजे ऑफिसचं काम घरी आणणाऱ्या बापाच्या. वय होतं माणसाचं.

चित्रांबद्दल थोडंसं. इकेमोतो वर्षानुवर्षं किशिमोतोंच्या हाताखाली काम केलेले, तरी हात वेगळा आहे. किशिमोतोंच्या पॅनलमध्ये मला गाव दिसायचं, विजेचे खांब, वायरी, छपरावरच्या पाण्याच्या टाक्या, वेड्यावाकड्या गल्ल्या, पायातल्या चपला सुद्धा. इकेमोतोंकडे डोळे आणि कपडे. डोळे जबरदस्त काढतात, त्यात वाद नाही, पण मागे बघावं तर बऱ्याचदा कोरी भिंत. आणि गोष्ट तीन वर्षं पुढे सरकते त्या टाइमस्किपनंतर सारादाला, म्हणजे नारुतोचा मित्र सासुके याच्या मुलीला, उंच टाचा देऊन मारामारीला उभं केलंय, ते मला अजून पचलेलं नाही, निन्जा आहे का लग्नाला चाललीय. पण चित्रं आवडणं न आवडणं हे ज्याचं त्याचं, त्यासाठी कुणी मांगा सोडत नाही.

मी खंड घेणं थांबवलं ते एका माणसामुळे. आमादो.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी, आमादो हा 'कारा' टोळीचा शास्त्रज्ञ, पांढरी दाढी, चष्मा, तोंडात सिगरेट. तो कोनोहात, म्हणजे नारुतोच्या गावात येतो, नारुतोचा सल्लागार शिकामारू याच्या पोराला ओलीस धरतो आणि म्हणतो मला आसरा द्या, मी सगळं सांगतो. इथपर्यंत फर्स्टक्लास. आणि मग तो खरंच सगळं सांगतो. सगळं म्हणजे सगळं. कर्म म्हणजे बोरुतोच्या हातावरची ती खूण काय, ती कशी चालते, ओत्सुत्सुकी हे परग्रहावरचे शत्रू मेल्यावर परत कसे येतात, किती टक्के झालं की काय होतं. आणि याच वेळी दुसरीकडे काशिन कोजी आणि काराचा म्होरक्या जिगेन यांची फाइट चालूय, कोजी म्हणजे मुळात जिराया साहेबांच्या पेशींपासून बनवलेला, म्हणजे नारुतोच्या गुरूचा क्लोन, यापेक्षा मोठी गोष्ट त्या क्षणी काय असू शकते सांगा. तर ही फाइट आपण कशी बघतो, खोलीत बसलेली मंडळी स्क्रीनवर बघतायत आणि आमादो शेजारून समजावून सांगतोय! म्हणजे क्रिकेटची मॅच चालू असताना शेजारच्या काकांनी टीव्हीसमोर उभं राहून एलबीडब्ल्यूचा नियम समजवावा तसं. मी तो भाग आला तसा वाचलाय, महिन्याला एक. एक महिना थांबायचं, उघडायचं, आमादो बोलतोय. अजून एक महिना, उघडायचं, अजून बोलतोय. लॉकडाऊनचे दिवस, घरात कोंडून बसलेलो, मनोरंजन म्हणून हेच, आणि हा गृहस्थ सिगरेट ओढत गुऱ्हाळ लावून बसलेला. एका महिन्यात तर मी चॅप्टर संपवला आणि दुसऱ्या दिवशी काय वाचलं तेच आठवेना, परत उघडून बघितला.

आता तुम्ही म्हणाल नारुतोत काय कमी बोलतात का. कबूल. तिथे तर शत्रूला बोलून बोलूनच हरवायची पद्धत, त्यावरून पोरं अजून टिंगल करतात. नागातोचंच घ्या, तो लांबून चालवत असलेल्या पेनशी एवढी मोठी फाइट झाल्यावर नारुतो त्याला भेटायला जातो आणि तोही बसल्या जागी कितीतरी चॅप्टर स्वतःची कहाणीच सांगतो. मी मुद्दाम हे दोन्ही भाग एका रविवारी एकामागोमाग काढून वाचले, बघू म्हटलं मी उगाच जुन्याचं कौतुक करतोय का. तर नाही, फरक आहे. नागातो बोलतो तेव्हा समोर नारुतो आहे, ज्याचा गुरू याच माणसाने मारलाय, हात शिवशिवतायत, मारू का नको, आणि ऐकता ऐकता त्याचं ठरत जातं. म्हणजे बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे बघायचं असतं. आमादो बोलतो तेव्हा ऐकणाऱ्यांचं काम फक्त "काय सांगतोस!" आणि "म्हणजे त्या वेळी जे झालं ते..." एवढंच. तो मिक्सरबरोबर येतं ते पुस्तक वाचून दाखवतो, ज्यात कुठलं बटण कधी दाबायचं ते असतं. माझ्या मते बोरुतोचं सगळं दुखणं या एका खोलीत आहे. इथे शक्ती आधी समजवाव्या लागतात, मग वापरल्या जातात, आणि तोवर आपण थंड झालेलो असतो. नारुतोतल्या रॉक लीने पायाची वजनं सोडली तेव्हा कुणी टक्केवारी सांगितली नव्हती, ती खाली पडली आणि जमीन फुटली, संपलं, कळलं आपल्याला हा पोरगा काय चीज आहे.

बरं, नारुतोच्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. चौथं महायुद्ध. २०१० च्या शेवटी सुरू झालं आणि जवळजवळ शेवटपर्यंत, म्हणजे चारेक वर्षं चाललं. मेलेले सगळे परत उठवले, मादारा आला, मादारावर ओबितो, ओबितोवर परत मादारा, आणि शेवटी कुठून तरी कागुया, जिचा आधी पत्ताच नव्हता. पाणी घालून वाढवलेलं वरण होतं ते, मान्य. ॲनिमेवाल्यांनी तर त्यातही फिलर, म्हणजे मांगात नसलेले भरतीचे भाग, घुसडले. कुणी मला म्हणालं की आमादोचे पाच-सहा चॅप्टर सहन होत नाहीत आणि हे चार वर्षं कसं सहन केलंस, तर माझ्याकडे चोख उत्तर नाही. एवढंच म्हणेन की तोवर त्या माणसांशी माझी दहा वर्षांची ओळख झालेली होती. घरातल्या माणसाचं लांबलेलं बोलणं ऐकून घेतो आपण, नव्या पाहुण्याचं नाही.

आणि आता खरी गंमत. पहिल्या भागाच्या अगदी शेवटी, ७८-७९ व्या चॅप्टरच्या आसपास, एडा नावाच्या मुलीची शक्ती चालते आणि सगळ्या जगाच्या डोक्यात बोरुतो आणि कावाकी, म्हणजे नारुतोने घरात आणून सांभाळलेला पोरगा, यांची अदलाबदल होते. कावाकी होकागेचा मुलगा, आणि बोरुतो बाहेरून आलेला, होकागेला मारणारा. ओळखणारं कोण उरलं, तर सारादा आणि बोरुतोच्या वर्गातली सुमिरे, जवळजवळ तेवढ्याच. ज्या पोराला जन्मापासून सगळं होतं, नाव, घर, आई, बहीण, त्याच्याकडून एका पानात सगळं गेलं आणि अख्खं गाव त्याच्याकडे त्याच नजरेने बघायला लागलं ज्या नजरेने त्याच्या बापाकडे बघायचं. झोक्यावरची जागा शेवटी मुलाला मिळाली. मी ते वाचून फोन बाजूला ठेवला आणि उठून चहा केला, इतकं बरं वाटलं की अरे, यांना माहितीय आपण काय वाचायला आलोय ते. फक्त तिथे यायला यांना सात वर्षं लागली.

'टू ब्लू व्होर्टेक्स' तिथून पुढे तीन वर्षांनी सुरू होतं आणि माझ्या मते हा भाग बऱ्यापैकी चांगला चाललाय. बोरुतो कमी बोलतो, शिकामारू होकागेच्या खुर्चीवर बसून शंका घेतो, सासुकेचं जे झालंय ते बघवत नाही. तरी एक राहतंच. २०१६ च्या पहिल्या चॅप्टरचं पहिलं पान, उद्ध्वस्त कोनोहा, समोर मोठा झालेला कावाकी, "निन्जांचं युग संपलं" वगैरे. ते पान मी बघितलं तेव्हा माझा भाचा बालवाडीत होता, आता त्याला मिसरूड फुटतंय, आणि मी वाचलंय तिथवर ते पान काही आलेलं नाही.

भाच्याचं मत वेगळं आहे हेही सांगून टाकतो. त्याने नारुतो आधी टीव्हीवर हिंदीत बघितलं, मग माझ्याकडचं वाचलं, आणि त्याला बोरुतोच आवडतो. "मामा, नारुतो किती रडतो रे, बोरुतो कसा शांत आहे." आमादोबद्दल विचारलं तर म्हणाला, "तो सांगतो ना सगळं नीट, कळतं तरी." आता यावर काय बोलणार. त्याने सगळं सलग वाचलं, दोन आठवड्यांत, त्याला आमादोची वाट बघावी लागली नाही. कदाचित माझं दुखणं आमादो नसून तो महिना असेल, नक्की सांगता येत नाही. पण त्याला नारुतोतलं आवडलेलं एक सांग म्हटलं तर त्याने इरुकापासून सुरुवात करून हाकूपर्यंत धडाधड पाच जागा सांगितल्या, आणि बोरुतोतलं सांग म्हटलं तर कुणाकडे कुठली पॉवर आहे ती यादी आली. मी काही बोललो नाही.

तर ज्यांना ठरवायचंय त्यांनी असं करा. खर्च करायचा असेल, कपाटात जागा करायची असेल तर नारुतो, परत एकदा, आणि युद्ध जिथे रेंगाळायला लागतं तिथे पानं भराभर उलटा, कुणी बघत नाही. बोरुतो वाचायचंच असेल, आणि वाचा, मी नको म्हणत नाही, तर ॲनिमेच्या २९३ भागांच्या नादी न लागता मांगाच घ्या, सलग घ्या, आमादो आला की चष्मा पुसायला घ्या. इश्शिकी या ओत्सुत्सुकीशी झालेल्या फाइटमध्ये कुरामाचं, म्हणजे नारुतोच्या आत राहणाऱ्या नऊ शेपट्यांच्या कोल्ह्याचं, जे होतं तिथे मात्र थांबून वाचा, तो नारुतोच्या तोडीचाच भाग आहे, कुरामा शेवटपर्यंत जी एक गोष्ट नारुतोपासून लपवून ठेवतो तिने माझ्या घशात आवंढा आला होता. आणि ८० च्या पुढे गेलात की नवीन चॅप्टर महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास अधिकृत ॲपवर फुकट येतो.

मी पण त्या रात्री उघडतोच. आधी पटपट खाली सरकवून बघतो कुणी सिगरेट पेटवलीय का, नसेल तर मग नीट पहिल्या पानापासून वाचतो.