रोड के-२ ट्यूब माईक : तंबोऱ्याच्या जवारीसाठी घेतला, नॉबसाठी ठेवला

मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीपासून चालत दहा मिनिटांवर माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. अकरा बाय तेरा फूट. तीन भिंतींना गोधड्या, कोपऱ्यांत कापसाचे लोड, खिडकीला जुनी सतरंजी. इथे येणारं काम ठरलेलं : तंबोरे, सतारी, महिला भजनी मंडळं, क्लासच्या मुलींची शास्त्रीय गाणी, मधूनच एखादी सनई. या खोलीत रोड (Røde) कंपनीचा के-२ हा ट्यूब कंडेन्सर माईक मी पाच वर्षं वापरतेय. सेकंडहँड घेतला, पुण्यातला एक स्टुडिओ बंद होत होता त्यांच्याकडून, पॉवर सप्लाय, केबल, शॉकमाउंट (स्टँडचे धक्के झेलणारी पकड) सगळ्यासकट अडतीस हजारांना.

घेतला तो एकाच कारणासाठी. तंबोरे बनवणाऱ्या चाचांच्या कारखान्यातला नवा तंबोरा विकायच्या आधी त्याचं रेकॉर्डिंग गिऱ्हाईकाला पाठवायचं असतं, आणि तेव्हाच्या माझ्या माईकवर जवारी, म्हणजे तारांचा तो भरलेला झंकार, पत्र्यासारखी यायची. तार घोडीवरून, म्हणजे ती टेकते त्या पट्टीवरून, ज्या अलगद कोनात सुटते, त्या कोनामुळे सुरातून सूर उलगडत जातात. चाचा घोडी कानशीने घासतात, वाजवतात, पुन्हा घासतात. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत ती एक जागा शोधतात. ती जागा सापडली की दोन खोल्यांपलीकडून कळतं. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र ती सापडलेली आणि न सापडलेली जवारी सारखीच ऐकू येत होती. चाचा हेडफोन काढून ठेवत म्हणाले होते, "पोरी, हा तंबोरा माझा नव्हे."

तेव्हा सगळीकडे वाचायला मिळायचं ते ट्यूबच्या उबेबद्दल. ट्यूब म्हणजे सिग्नल वाढवणारी काचेची नळी. के-२मध्ये ६९२२ जातीची आहे, म्हणजे एका काचेत असे दोन वाढवणारे भाग (ट्रायोड). पण माईकच्या आत ट्यूबवर येणारा सिग्नल इतका बारीक असतो की ती गिटारच्या अँपसारखी आवाज फाडत नाही. आवाज थोडा भरतो, कडा थोड्या मऊ होतात, इतकंच. हा फरक मला ऐकू येतो, आवडतो, पण तेवढ्यासाठी एवढे पैसे घाला असं मी कुणाला सांगणार नाही. उलट ट्यूबची किंमत आवाजाच्या तळाशी मोजावी लागते : के-२चा स्वतःचा नॉइज कागदावर १० डेसिबल आहे, तर त्याच कंपनीच्या बिनट्यूबच्या आणि कितीतरी स्वस्त एनटी-१एचा ५. हळू वाजणाऱ्या तंबोऱ्याला हा फरक शेवटच्या झंकारात ऐकू येतो.

मग पैसे वसूल कशात झाले? पॉवर सप्लायवरच्या एका नॉबमध्ये.

माईकच्या जाळीमागे पाठीला पाठ लावून दोन पडदे असतात. पुढच्या पडद्याला ठरावीक व्होल्टेज मिळतं. मागच्याला काहीच दिलं नाही तर माईक समोरचं ऐकतो, म्हणजे कार्डिऑइड. मागच्यालाही पुढच्यासारखंच दिलं तर चहूबाजूंचं ऐकतो, ओम्नी. उलट ध्रुवाचं दिलं तर पुढचं आणि मागचं ऐकतो, दोन्ही बगलांना बहिरा होतो. त्याला फिगर-एट म्हणतात. हे व्होल्टेज माईकपासून दूर ठेवलेल्या डब्यातून बदलायची सोय व्हिएन्नाच्या एकेजीने १९५३च्या सी-१२मध्ये दिली होती. तिथे नऊ टप्पे होते. के-२मध्ये टप्पे नाहीत, नॉब सलग फिरतो. कार्डिऑइड आणि ओम्नीच्या मधली हवी ती जागा धरता येते.

पहिल्या तंबोऱ्याची गोष्ट सांगते. पुरुषी तंबोरा, पट्टी पांढरी दोन. भोपळा पंढरपूरकडचा, चांगला मोठा. माईक घोडीपासून दीड फुटावर, तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी पाटीच्या, किंचित वर. कार्डिऑइडवर जवारी आली, पण खर्ज भोपळ्यातून घुमून सगळ्यावर बसला. दिशा धरणारा माईक जवळ नेला की खालचे सूर फुगतात, हा त्याचा स्वभावच. मागे नेला तर खोली ऐकू यायला लागली. मी हेडफोन लावून बसले आणि चाचांना म्हटलं, थांबू नका, वाजवत राहा. नॉब ओम्नीकडे थोडा सरकवला. फिरवल्यावर आवाज जागेवर यायला काही क्षण जातात, म्हणून दर वेळी पाच-सहा आवर्तनं थांबायचं. अर्ध्यावर खर्ज बसायला लागला. दोन तृतीयांशावर खर्जाच्या तारेतून वरचा गंधार स्वच्छ वर आला, जो नुसत्या कानाला कारखान्यात ऐकू येतो. नॉब तिथेच सोडला. त्या जागी मी नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. चाचांनी हेडफोन लावला, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने हाताने फक्त "राहू दे" अशी खूण केली.

फिगर-एटचा उपयोग त्याहून मोठा निघाला. आमच्याकडे गाणाऱ्या बायका स्वतःच पेटी वाजवतात. पेटी वेगळी, गाणं वेगळं असं दोनदा रेकॉर्ड करू म्हटलं की गाण्यातला जीव जातो. हात पेटीवर असतात तेव्हाच त्यांचा गळा मोकळा होतो. पण एकत्र घेतलं की पेटी गळ्याच्या माईकमध्ये शिरते. के-२ फिगर-एटवर टाकून उलटा टांगला, सोनेरी ठिपका गाणारीच्या तोंडासमोर, दहा इंचांवर, आणि माईकचं डोकं सरळ खाली पेटीच्या भात्याकडे. फिगर-एटला वर-खालचंही ऐकू येत नाही, फक्त पुढचं आणि मागचं. पेटी निम्म्याहून उतरली. गेल्या आषाढीच्या आधी आमच्या गल्लीतल्या पंच्याहत्तरीच्या मावशींचे सात अभंग असे एका बैठकीत घेतले. त्यांच्या आवाजातली ती बारीक थरथर, ओळ संपताना श्वास पुरत नाही तेव्हाची, जशीच्या तशी आली. त्यांच्या मुलाने ऐकून परत परत तीच ओळ लावायला सांगितली. मागच्या बाजूने भिंतीचा आवाज येतो, म्हणून माईकमागे जाड गोधडी हवीच, दुहेरी.

सनईला वेगळं काही करावं लागलं नाही. कागदावर तो १६२ डेसिबलपर्यंत सोसतो, सनई चार फुटांवर त्याला खेळण्यासारखी आहे. माईकचा सिग्नल वाढवणारा प्रीअँप तेवढा पहिल्या फुंकीला फाटला, कारण माईकवर पॅड, म्हणजे सिग्नल उतरवणारं बटण, नाही. खालची घरघर कापणारा लो-कटही नाही. रिक्षाचा घरघराट नंतर काढत बसावं लागतं.

गळ्याबद्दल एक सांगायला हवं. वरचा पट्टा उजळ आहे. पातळ, टोकदार आवाजाच्या मुलींचा "स" आणि "श" अंगावर येतो. मी माईक नाकाच्या उंचीवर नेऊन किंचित तिरका करते, तेवढ्याने भागतं. जाडसर, घोगऱ्या गळ्याला मात्र हाच उजेड फार शोभतो.

आता सांभाळणं. हा माईक पंख्याखाली लावून विसरायचा माईक नव्हे. चालू करून निदान अर्धा तास तापू द्यायचा. फँटम पॉवर (माईकच्याच केबलमधून प्रीअँपकडून येणारी वीज) लागत नाही, सगळं स्वतःच्या डब्यातून सात पिनांच्या केबलने जातं. ती केबल गेली तर मिरजेत काय, सांगलीतही मिळायची नाही, त्यामुळे तिला कुणाचा पाय लागू देऊ नका. वजन पाऊण किलोच्या वर, हलका स्टँड गाणं चालू असताना हळूहळू मान टाकतो. मी स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवते.

पहिल्या पावसाळ्यात, जुलैत, हेडफोनमध्ये चरचर यायला लागली, तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी. माईक रात्रभर स्टँडवर राहिला होता. पडद्यावर ओल धरली होती. तेव्हापासून काम संपलं की बंद करायचा, निवला की सिलिका जेलच्या पुड्यांसकट त्याच्या खोक्यात. पुड्या दर पंधरवड्याला बदलते. पुन्हा तो त्रास झाला नाही.

लाइट गेली की आमच्या जुन्या इन्व्हर्टरवर माईक गुणगुणायचा, मग साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्यावा लागला. तो खर्च माईकच्या किमतीतच धरा. तिसऱ्या वर्षी ट्यूब बदलली. एका ऑनलाइन विक्रेत्याने "तपासलेली" म्हणून पाठवलेली ट्यूब माईकला बोट लावलं तरी घंटेसारखी वाजत होती. दुसरीकडून मागवली तेव्हा जमलं. बदलताना प्लग काढून बराच वेळ थांबा, आत जास्त व्होल्टेज साठलेलं असतं. पॉवर सप्लाय तर उघडूच नका.

एकट्या गळ्यासाठी, तेही गोधड्या न लावलेल्या खोलीत वापरायला कुणी हा घेणार असेल, तर मी थांबा म्हणेन. आधी खोली करा, एनटी-१एवर वर्षभर शिका. पण तंबोरा, सारंगी, पेटीसकट गाणारी माणसं तुमच्याकडे येत असतील तर सेकंडहँड के-२ शोधा, आणि घेताना नॉब पूर्ण फिरवून तिन्ही जागांवर ऐकून घ्या. परवा चाचांच्या नातवाने पहिली जवारी लावली. त्या तंबोऱ्याला नॉब माझ्या ठिपक्याच्या थोडा अलीकडे ठेवावा लागला. तिथे आता दुसरा ठिपका आहे, हिरवा.