घर ते वावर, ९०० मीटर वायफाय: टीपी-लिंक सीपीई५१० ची जोडी दीड वर्ष वापरल्यावर

आमचं घर वरुड तालुक्यातल्या एका गावात, संत्र्याची बाग गावाबाहेर ९०० मीटरवर. आंबिया बहार पिवळा पडायला लागला की रात्री राखण लागते. बागेतले दोन कॅमेरे घरून दिसावेत, एवढीच गरज होती. घरी फायबर आहे, पण बागेत मोबाईलची एक दांडी, तीही विहिरीच्या काठावर उभं राहिलं तर.

आधी बाराशे रुपयांचे भिंतीत खोचायचे दोन रिपीटर आणले. एक गोठ्यात, दुसरा धुऱ्यावरच्या झोपडीत. घरी ४० एमबीपीएस, गोठ्यात १८, झोपडीत जेमतेम ७. साधा रिपीटर एकाच चॅनेलवर आधी ऐकतो, मग तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला वेग निम्मा होतो. त्यात गोठ्याची लाईट गेली की पुढचं सगळं बंद. घरातल्या दोन खोल्यांसाठी रिपीटर ठीक आहे, वावरासाठी घेऊ नका.

मग सीपीई५१० या उघड्यावर लावायच्या वायफाय यंत्राचे दोन नग घेतले, सात हजारांच्या आसपास पडले. हे ५ गिगाहर्ट्झवर चालतं, अँटेना १३ डीबीआय ताकदीचा, सिग्नल एकाच दिशेला फेकतो. एक घराच्या गच्चीवर, दुसरा विहिरीजवळ लोखंडी पाईपवर. वीज नेटवर्कच्या केबलमधूनच चढते, त्यामुळे वर वेगळी वायर न्यावी लागली नाही.

जोडणीच्या दिवशी मी शिडीवर, मुलगा खाली लॅपटॉप घेऊन. सिग्नलचा आकडा (डीबीएममध्ये, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) उणे ७८ वर अडला. डावी-उजवीकडे फिरवून फरक पडेना. "बाबा, वर घ्या, अजून वर!" पाईपला दुसरा तुकडा जोडून दहा फूट उंच केलं आणि आकडा उणे ६२ वर आला. समोरचं नुसतं डोळ्याला दिसून भागत नाही. या अंतराला सिग्नलला मधोमध सगळ्या बाजूंनी साधारण साडेतीन मीटर जागा लागते, आणि आमच्यात शेजारच्या बागेचे शेंडे त्यात घुसले होते. पैसे वाचवायचे तर यंत्रात वाचवा, पाईपच्या उंचीत वाचवू नका.

पहिल्याच पावसाळ्यात वाटेतल्या कडुलिंबाची फांदी आडवी आली. एवढ्या अंतरावर पावसाने काही बिघडत नाही, पण ओली पानं सिग्नल खातात. फळ तोडायला आलेलं असताना दोन रात्री कॅमेरे अंधारात गेले. तेव्हाच ठरवलं, दुसरी वाट हवीच. घरून काकांच्या गच्चीपर्यंत केबल ओढली आणि तिथून नाल्याच्या बाजूने दुसरी जोडी लावली. तिच्या वाटेत झाड नाही.

दोन्ही वाटा एकदम जोडल्या आणि पाच मिनिटांत घरातलं नेटसुद्धा ठप्प. डेटाचं तेच पॅकेट एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परत येत गोल फिरत होतं. दोन्ही टोकांना एसटीपी (असं गोल फिरणं रोखणारी सोय) असलेले नेटवर्क स्विच लावल्यावर सुटलं. ते एक वाट बंद ठेवतात आणि पहिली तुटली की दुसरी उघडतात. जुन्या पद्धतीच्या एसटीपीला यासाठी ३० ते ५० सेकंद लागतात, राखणीला तेवढं चालतं. दुकानदाराने हे सांगायला हवं होतं, त्याने "दोन्ही लावा, डबल स्पीड मिळेल" असं सांगून धाडलं.

सीपीईबद्दल तक्रार नाही. दोन उन्हाळे गच्चीवर काढले, प्लास्टिक तडकलं नाही. केबलचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच आहे, कॅमेऱ्यांना भरपूर होतो. पाईपला अर्थिंग मात्र पहिल्या दिवशीच करा, आमच्याकडे वीज पडते.

अजून एक भोक उरलंय. दोन्ही वाटा आमच्याच घरच्या फायबरवर बसल्यात. नाली खोदताना मागच्या महिन्यात ते तुटलं आणि दोन्ही एकदम मेल्या. आता काकांच्या गच्चीवर सिमचा राऊटर बसवायचाय, तिथे रेंज चांगली मिळते. बहार तोडायच्या आधी ते काम उरकतोय.