आठ रोपांची एक टाकी: घरगुती हायड्रोपोनिक संच आणि मुळांचा गुंता

गॅलरीत मातीविना भाजी पिकवण्यासाठी हल्ली जे तयार संच मिळतात, त्यांची परीक्षणे बहुधा पहिला तोडा हाती येताच लिहिली जातात. तोवर पाने टवटवीत असतात आणि झाकणाखाली काय चालले आहे, हे पाहण्याचे कारणच पडलेले नसते. अशा संचाची खरी परीक्षा एखादे रोप बाहेर काढायची वेळ येते तेव्हा होते, असे माझे मत झाले असल्यामुळे हे परीक्षण मुख्यतः मुळांविषयी आहे.

संचात वीस लिटरची काळी प्लॅस्टिकची टाकी, आठ भोकांचे एकसंध झाकण, दोन इंची जाळीदार कुंड्या, भाजलेल्या मातीचे गोळे, एअर पंप, पंपाच्या हवेचे पाण्यात बुडबुडे करणारा एक सच्छिद्र दगड (एअर स्टोन), खताच्या ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्या आणि सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता) तपासण्याचे थेंब येतात. टाकीतून उजेड आत जात नाही, त्यामुळे शेवाळ धरत नाही. पंपाचा आवाज रात्रीही त्रासदायक वाटत नाही. खताच्या दोन बाटल्या वेगळ्या का ठेवायच्या, तर दाट द्रावणे एकत्र केल्यास कॅल्शियमचा सल्फेट व फॉस्फेटशी संयोग होऊन साका खाली बसतो, हे माहितीपत्रकात नीट समजावले आहे. सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान ठेवण्याची सूचनाही योग्य आहे. लेट्यूस तर यात उत्तम येते. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही.

अडचण पुढे येते. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर लेट्यूस, बेसिल आणि पुदिना एकाच झाकणात शेजारी शेजारी डोलताना दाखवले आहेत, आणि आतील लागवडीचा नकाशाही तसाच आहे. या तिघांचे आयुष्य मात्र सारखे नाही. लेट्यूस रोप लावल्यापासून पाच-सहा आठवड्यांत काढणीला येते, बेसिल काही महिने खुडता येते, तर पुदिना बहुवर्षायू असून त्याची आडवी खोडे मिळेल त्या दिशेने धावतात. म्हणजे लेट्यूस बाहेर काढण्याची वेळ येते, नेमक्या त्याच सुमारास पुदिन्याने टाकीचा ताबा घेतलेला असतो. मातीत मुळांना वाट काढावी लागते. पाण्यात अडवणारे काहीच नसते, शिवाय बुडबुड्यांनी सतत हलणाऱ्या पाण्यात लांबलेली मुळे एकमेकांभोवती वळत राहतात. माझ्या टाकीत पुदिन्याचे एक पांढरे खोड शेजारच्या लेट्यूसच्या कुंडीत खालच्या जाळीतून शिरून मातीच्या गोळ्यांमधून वर आले होते. लेट्यूसची कुंडी उचलताच पुदिन्याची तिरकी व्हायची, आणि दोन्हींमध्ये एअर स्टोनची नळी शेवयांच्या गुंडाळीत अडकलेल्या दोऱ्यासारखी दिसत होती.

हा गुंता सुटतो, पण हे काम निवांतपणे आणि संध्याकाळीच करावे. झाकण दोन स्टुलांवर आडवे ठेवून मुळे खाली घमेल्यात सोडावीत, आणि त्या घमेल्यात टाकीतलेच द्रावण घ्यावे, म्हणजे तापमान व क्षार अचानक बदलत नाहीत. मुळे पाण्याबाहेर एकमेकांना चिकटतात आणि पाण्यात तरंगून मोकळी होतात, म्हणून सगळे काम पाण्याखालीच करायचे. नळी ओढून काढण्याच्या फंदात पडू नये. ती स्वस्त मिळते, सरळ कापावी आणि तुकड्यांनी काढून घ्यावी. त्यानंतर टोकांकडून बुडख्याकडे यावे. बुडख्याशी धरून ओढले की गाठी आवळतात, तर टोकांकडून बोथट बांबूच्या काडीने एकेक झुपका बाजूला केला की त्या सैल होतात. शेजारी वाढलेल्या मुळांचा सहसा एकजीव झालेला नसतो, ती केवळ गुंतलेली असतात. त्यामुळे कोवळ्या मुळांच्या बाबतीत धीराचा उपयोग होतो. जिथे खोड जाळीतून आरपार गेले आहे, तिथे रोपापेक्षा कुंडी कापणे परवडते.

कापावेच लागले तर कोणाचे कापायचे, हे आधी ठरवलेले बरे. पुदिन्याची कांडी साध्या पाण्यात पेरापाशी पुन्हा मुळे धरते, म्हणून तोटा पुदिन्याने सोसावा. स्पिरिटने पुसलेली कात्री वापरावी, आणि बेसिलची साधारण तिसरा हिस्सा मुळे गेली असतील तर त्या मानाने पालाही खुडावा. नाहीतर उरलेली मुळे एवढ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत आणि रोप भर दुपारी मान टाकते. तुटलेले तुकडे टाकीत राहू देऊ नयेत, कारण ते कुजतात. म्हणून जुने पाणी पूर्ण टाकून निम्म्या ताकदीचे नवे द्रावण भरावे आणि दोन-तीन दिवस रोपे सावलीत ठेवावीत. खताच्या रंगाने किंचित तपकिरी झालेली पण घट्ट असलेली मुळे निरोगी असतात. बुळबुळीत आणि वास मारणारी मात्र मूळकुजीची समजावीत.

उन्हाळ्यात या प्रश्नाला धार येते. वीस अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशाला साडेसात. पुण्याच्या एप्रिलमध्ये गॅलरीतली टाकी सहज तेवढी तापते, आणि दाट गुंत्याच्या गाभ्यापर्यंत बुडबुड्यांचे पाणी नीट पोहोचत नाही. पिथियमसारख्या बुरशीसदृश जीवांची मूळकुज अशाच ठिकाणी सुरू होते आणि पाणी सामाईक असल्यामुळे सगळ्या रोपांना गाठते.

यातले बरेचसे टाळता येण्याजोगे होते, हीच माझी मुख्य तक्रार आहे. झाकण दोन भागांत असते, आत एखादा जाळीचा पडदा असता किंवा नळी मध्यातून न आणता कडेने घेतली असती, तरी काम निम्मे झाले असते. पाणी सोडायला तळाशी तोटीही नाही, त्यामुळे भरलेली टाकी दोघांनी धरून उपडी करावी लागते. याच किमतीत प्रत्येक रोपाला स्वतंत्र बादली देणारी, नळीने जोडलेली डच बकेट पद्धत कदाचित बसणार नाही. पण पुदिन्यापुरती एक साधी झाकणाची बादली पुरते. हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांची पंपाविना पद्धत तिथे चालते. पाणी जसे उतरते तशी वरची मुळे हवेत राहून प्राणवायू घेतात, म्हणून ती पुन्हा बुडतील एवढे पाणी मात्र भरायचे नाही.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा उत्तर सौजन्याने मिळाले, परंतु त्याचा आशय ‘कापून टाका, पुन्हा येतील’ एवढाच होता. मुळांना बांधायच्या जाळीच्या पिशव्या ते वेगळे पैसे घेऊन देतात. त्यांच्या बारीक छिद्रांतून तंतुमुळे बाहेर येतातच, तरी आडवी खोडे अडतात, म्हणून त्या घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. सुटे झाकण मिळेल का, असे विचारल्यावर ते वेगळे विकत नसल्याचे कळले. माझ्या संचात आता आठही भोकांत फक्त लेट्यूस आहे, सगळे एकाच दिवशी लावलेले आणि एकाच दिवशी काढायचे, आणि या एका वापरासाठी मी या संचाला पाचपैकी चार गुण देईन. मुखपृष्ठावरच्या चित्राप्रमाणे वापरायचा असेल तर दोन.