‘गणपतीच्या आत छप्पर’: वादळानंतरच्या पत्र्याच्या कामात २ लाख ८० हजार कसे गेले

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा आणि खाडीपलीकडे मंडणगड-दापोलीपर्यंत घराघरांची कौलं एका दुपारात गेली. पाठोपाठ गावोगाव ठेकेदार उगवले. कालपर्यंत गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करणारे छपरांची कामं घेऊ लागले. त्यातल्याच एकाने श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या घराचं काम घेतलं. त्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पद्धत लिहितो, कारण पुढच्या वादळानंतर हीच माणसं हेच बोलत तुमच्या अंगणात येणार आहेत.

भाव ठरला चौरस फुटाला २१० रुपये. त्यात लोखंडी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), आडवे पाइप, ०.५० मिमी रंगीत पत्रा, वरचा कोना आणि मजुरी. घर पागोळी धरून जमिनीवर १,१३० चौरस फूट. उतार ३० अंशांचा, म्हणजे दहा फुटांना पावणेसहा फूट उंची, तेव्हा छपराचं क्षेत्र भरतं १,३०५. याने बिल लावलं १,४६० चौरस फुटांचं. पत्र्याची पूर्ण रुंदी धरायची, एकावर एक चढलेला भाग दोनदा मोजायचा, झालं. १५५ फूट गुणिले २१०, ३२,५५० रुपये निव्वळ हवेचे. ‘झाकलेलं क्षेत्र मोजणार’ हे तीन शब्द कागदावर आधीच लिहून घ्या.

एकूण ३,०६,६००. आगाऊ १,८०,०००, पैकी एक लाख रोख, कारण ‘डीलर रोखीशिवाय माल सोडत नाही, उद्या भाव वाढतोय’. काम संपल्यावर आणखी १,००,०००. आता सगळे शहाणपण शिकवतात की तीन कोटेशनं घ्यायची असतात. कुणाकडून? वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, मुंबईहून घरी यायला ई-पास, पत्र्याच्या दुकानापुढे रांगा आणि डोक्यावर फडफडणारी ताडपत्री. त्यात २२ ऑगस्टला गणपती. ‘गणपतीच्या आत छप्पर देतो’ एवढं म्हटल्यावर कोकणात कोण घासाघीस करत बसतो? तोही कोकणातलाच. त्याला हे पक्कं ठाऊक होतं.

आता चोरी पकडता आली असती तो क्षण. टेम्पो रिकामा करतानाचा व्हिडिओ ठेकेदारानेच मोठ्या उत्साहाने पाठवला होता. दोन मजूर बारा फुटी सहा पत्रे एकदम खांद्यावर टाकून जवळजवळ पळत अंगणात येतात, पत्र्यांची टोकं वर-खाली झुलतात. व्हिडिओ घरात सगळ्यांनी पाहिला. रंग छान आहे, म्हणाले.

चार फूट रुंद कॉइलपासून, म्हणजे पोलादी पत्र्याच्या गुंडाळीपासून, केलेला ०.५० मिमीचा बारा फुटी पत्रा साधारण साडेसतरा किलो भरतो. सहा पत्रे म्हणजे १०५ किलो. ते घेऊन चिखलातून पळता येत नाही. ०.३५ मिमीचा तोच पत्रा सव्वाबारा किलोचा, सहा मिळून ७४. मजुरांच्या चालीतच चोरी दिसत होती, पण बघणाऱ्याला पत्र्याचं वजन माहीत असायला नको का? किती घरांत ते माहीत असतं? ३४ पत्र्यांत प्रत्येकी सव्वापाच किलो, म्हणजे पावणेदोनशे किलोहून जास्त पोलाद आमच्या पैशातलं आणि दुसऱ्याच्या खिशात.

म्हणून पत्रा उतरला की पहिला तराजूवर. काटा भंगारवाल्याचा चालेल, मासळीवाल्याचाही चालेल. जाडी मायक्रोमीटरने मोजायची असेल तर रंग आणि लेप धरून की आतलं नुसतं पोलाद, हे आधी ठरवा. ‘०.५०’ म्हणून विकला जाणारा पत्रा पुष्कळदा लेपासकट ०.५० असतो आणि आतलं पोलाद कमी. नावाजलेल्या कंपन्यांच्या पत्र्याच्या मागच्या बाजूला नाव आणि जाडी छापलेली असते. आमच्या पत्र्यांची पाठ कोरी होती. विचारलं तर ‘लॉकडाउनमधला माल आहे, शिक्का नाही मारला’.

छप्पर गणपतीच्या आत झालं, हे खरं. दिसायलाही देखणं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. ते किनाऱ्याला न शिवता समुद्रातूनच गुजरातकडे सरकलं, तरी नैर्ऋत्येकडचं पाखं उघडं पडलं. शेजारची डागडुजी केलेली जुनी कौलं बरीचशी जागेवर, आणि आमचा नवा पत्रा माडांच्या आळ्यात.

काय झालं ते उरलेल्या सांगाड्यावर स्वच्छ दिसत होतं. स्क्रू पाइपात तसेच रुतलेले, वायसरसकट. पत्रा मात्र स्क्रूच्या डोक्याभोवती फाटून वर निघून गेलेला. पातळ पत्रा असाच जातो. वारा छपराला नुसता दाबत नाही, वर ओढतो, आणि ती ओढ सर्वांत जास्त पागोळीच्या कडेला, कोपऱ्यांत आणि माथ्यावर. म्हणून कडेच्या आणि माथ्याच्या रांगेत पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू लागतो, मधल्या रांगांत एकाआड एक. बारा फुटांच्या उताराला आडव्या पाइपांच्या चार रांगा हव्यात, चार-चार फुटांवर. याने तीनच टाकल्या, सहा-सहा फुटांवर. पत्र्यामागे सोळाच्या आसपास स्क्रू हवे होते, आमच्याकडे निघाले नऊ. वायसर रबराचे नव्हतेच, प्लास्टिकचे. नऊ-दहा महिन्यांच्या उन्हात तडकून त्यांचे कपचे झाले होते. वायसर नखाने दाबून बघा. रबर दबतं आणि परत फुगतं.

पागोळी भिंतीबाहेर अडीच फूट काढली होती, ‘पाऊस आत येणार नाही’ म्हणून. तिला खालून तिरपा टेकू नाही. वाऱ्याला हात घालायला आयती जागा.

आणि कैच्यांचे पाय! चिऱ्याच्या भिंतीत भोक पाडून अँकर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट, ठोकलेले. चिरा मऊ आणि सच्छिद्र, अँकर फुगला की दगडच कुरतडला जातो. दोन कैच्या बोल्टासकट उपटून आल्या, बोल्टाला लाल चुरा चिकटलेला. भिंतीच्या माथ्यावर सळयांचा काँक्रीटचा पट्टा ओतायचा, त्यातच वाकवलेले १२ मिमीचे बोल्ट सोडायचे, वर प्लेट, मग कैची. ‘पट्टा कशाला, आठ दिवस फुकट जातील’ म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा.

वेल्डिंगचं जोडकाम नुसते टाके मारून सोडलेलं, सांध्यावर गंज रोखणारा रेड ऑक्साइडचा हात नाही, वरून थेट ऑइलपेंट. खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंज फुटला. रंगाआधी सांध्यांचे फोटो मागा, प्रत्येक सांध्याचे.

सगळ्यात जास्त चीड येते ती लाकडाची. ‘मलबा मोफत उचलतो.’ त्या मलब्यात सागाचं आढं, ऐनाचे वासे आणि हजारावर शाबूत मंगलोरी कौलं होती. वादळानंतर एकेका कौलासाठी माणसं तालुका पालथा घालत होती आणि आमची कौलं फुकट टेम्पोत चढली. जुनं सामान मोजून, यादी करून, स्वतःच्या परड्यात रचा. कुणी मोफत उचलतो म्हणाला की समजा, त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं आहे.

तक्रारीचं काय झालं म्हणाल, तर पोलिसांनी सांगितलं, हे दिवाणी प्रकरण. फसवणुकीचं कलम आहे ना, म्हटलं, तर ‘काम केलंय ना त्याने? मग फसवणूक कसली?’ म्हणजे पैसे घेऊन पळाला असता तर गुन्हा, पातळ पत्रा ठोकून गेला तर तो व्यवहार. पंचनामा ‘अंशतः नुकसान’ असा झाला. २०२० मध्ये सरकारने पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५,१०० वरून १,५०,००० केली खरी, पण आमच्या भिंती उभ्या होत्या ना! निकृष्ट कामाला पंचनाम्यात रकानाच नाही. एका कार्यालयाने विचारलं, करार स्टॅम्पपेपरवर आहे का. दुसऱ्याने सांगितलं, अभियंत्याचा दाखला आणा. अभियंता म्हणाला, खाजगी घराचा दाखला आम्ही देत नाही. अर्जाची पोच मागितली की शिक्का साहेबांच्या कपाटात आणि साहेब दौऱ्यावर. बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला तर भलत्याच माणसाच्या नावाचा आणि केव्हाच रद्द झालेला. हेही छापून नेऊन दिलं. त्यांनी ते फायलीत लावलं आणि फाइल बांधली.

तो नंबर आगाऊ रक्कम देण्याआधी दोन मिनिटांत तपासता येतो. छोट्या ठेकेदाराकडे नंबर नसणं गैर नाही. खोटा असला तर तिथेच थांबा.

दार उघडं मिळालं ते जिल्हा ग्राहक आयोगाचं. वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत घटनेपासून दोन वर्षं, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. मात्र फाटलेले पत्रे भंगारात घालू नका. आम्ही चार पत्रे, स्क्रूंची पिशवी आणि उपटलेला एक बोल्ट ठेवला आहे, वजनाच्या पावतीसकट. पत्रा तपासून घेण्यासाठी आयोगाकडे लेखी अर्ज करा, आपोआप कुणी तपासेल म्हणून थांबू नका.

पैसे देताना टप्पे पाडा. माल अंगणात वजन करून घेतल्यावर मालाचे, कैच्या बोल्टावर बसल्यावर पुढचे, आणि निदान वीस टक्के एक पावसाळा उलटल्यावर. रोख एक रुपयाही नको. आमच्या एका लाखाची पावती नाही, तेवढ्याच मुद्द्यावर त्याचा वकील अडून बसला आहे.

उरलेले २६,६०० रुपये मात्र तो तौक्तेनंतरही व्हॉट्सॲपवर मागत होता: ‘३,०६,६०० पैकी २,८०,००० आले, बाकी कधी?’ रोखीच्या लाखासकट सगळा हिशेब त्याने स्वतःच लिहून दिलाय. त्या मेसेजची प्रत तक्रारीला पहिल्या पानावर जोडली आहे.