८८,००० मैलांनंतर: पेट्रोलचा एफ-२५० आणि त्याआधीचा डिझेल

माझी गाडी म्हणजे माझा दवाखाना. मागच्या हौद्यात पांढरी फायबरची पेटी बसवलेली आहे. तिच्यात औषधांचा फ्रिज, पाण्याची टाकी, वासरू ओढायचं यंत्र, साखळ्या, कॅल्शियमच्या बाटल्या. पेटी भरली की सहाशे किलोच्या वर जाते, म्हणून साधा पिकअप पुरत नाही. इकडे अमेरिकेत ज्याला थ्री-क्वार्टर टन म्हणतात, त्या हेवी ड्यूटी वर्गातलाच ट्रक लागतो. गेल्या नऊ वर्षांत असे दोन वापरले. पहिला डिझेल, पाच वर्षं. दुसरा फोर्डचा एफ-२५०, ७.३ लिटरचं पेट्रोल इंजिन, चार वर्षं. इकडे पेट्रोलला गॅस म्हणतात, पण मी पेट्रोलच म्हणणार, नाहीतर आपल्या लोकांना सीएनजी वाटतो.

शिकागो आणि मिनियापोलिसकडची आपली दोन-तीन कुटुंबं कॅम्पर, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, ओढायला असा ट्रक घ्यायच्या विचारात आहेत. पेट्रोल घ्यावा की डिझेल, असं त्यांनी विचारलं, म्हणून वही उघडून बसले आहे.

आधी माझा दिवस कसा जातो ते सांगते, कारण सगळा हिशोब तिथूनच सुरू होतो. मी विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य भागात, व्हर्नन काउंटीत गाईंची डॉक्टर आहे. शिक्षण शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजचं. इथे आल्यावर पुन्हा परीक्षा दिल्या. या भागाला ड्रिफ्टलेस म्हणतात. हिमयुगातल्या बर्फाने आजूबाजूचा मुलूख घासून सपाट केला, पण हा तुकडा त्यातून सुटला. त्यामुळे इथे डोंगरधारा, खोल दऱ्या आणि वळणावळणाचे रस्ते आहेत. एक गोठा धारेवर, दुसरा दरीत, मध्ये चार-पाच मैल. गोठ्यावर पोचलं की थंडीत गाडी बंद करायची सोय नसते. औषधं गोठतात, टाकीतलं पाणी गोठतं. म्हणजे दहा मिनिटं गाडी चालवायची आणि चाळीस मिनिटं जागेवर चालू ठेवायची, असं दिवसातून सात-आठ वेळा. वर्षाला २२,००० मैल होतात, म्हणजे पस्तीस हजार किलोमीटर.

आता आप्पा. माझे वडील एसटीत होते, विटा डेपोला मेकॅनिक. आमच्या घरात पेट्रोल फक्त त्यांच्या एम-८० मध्ये असायचं. बाकी 'इंजिन' म्हणजे डिझेलच. लेलँडचं इंजिन किती लाख किलोमीटर न खोलता गेलं, हे ते घरातल्या माणसाचं कौतुक सांगावं तसं सांगायचे. २०१७ साली मी ट्रक घ्यायला निघाले तेव्हा फोनवर त्यांनी एकच विचारलं, "डिझेलच घेतीयास न्हवं?" मी डिझेलच घेतला. पेट्रोलपेक्षा नऊ-दहा हजार डॉलर जास्त मोजून.

त्या ट्रकची ओढ फार गोड होती, हे आधी कबूल करते. भरल्या पेटीने कून व्हॅलीची चढण चढताना इंजिनाला काही जाणवायचंच नाही. पहिलं वर्ष मी खूश होते.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात आई-आप्पा आले. आप्पांनी दुसऱ्याच दिवशी बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढली, बोटांत तेल चोळलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "तेल वाढलंय. डिझेल उतरतंय यात." मला वाटलं, जुन्या गाड्यांची सवय आहे त्यांना. पण त्यांचं खरं होतं, आणि त्याचं कारण या नव्या डिझेल गाड्यांच्या पोटातच आहे.

अमेरिकेत डिझेल पिकअपच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. तिला डीपीएफ म्हणतात. जाळी भरत आली की गाडी आपणहून जास्तीचं डिझेल सोडते, जाळीत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता तयार करते आणि काजळी जाळून टाकते. यासाठी गाडी वीस-तीस मिनिटं हायवेच्या वेगाने सलग पळायला हवी. माझी गाडी दहा मिनिटांत गोठ्यावर थांबते. जळण अर्धवट राहतं, पुढच्या वेळी पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. बऱ्याच इंजिनांत हे जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्येच उशिरा फवारलं जातं. त्यातलं न जळलेलं भिंतीवरून ओघळत खाली ऑइलमध्ये जातं. आप्पांच्या नाकाला लागलं ते हेच. त्या दिवसापासून मी ऑइल कंपनीने सांगितलेल्या मैलांच्या निम्म्यावर बदलू लागले. दर खेपेला बारा-तेरा लिटर.

दुसरी गोष्ट युरियाच्या पाण्याची. याला इकडे डेफ म्हणतात. साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी पाणी. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मारायला ते लागतं. ते उणे ११ सेल्सिअसला गोठतं, म्हणून टाकीत हीटर असतो. २०१९ च्या जानेवारीअखेर ध्रुवाकडची थंडी खाली उतरली तेव्हा आमच्याकडे पारा उणे तीसच्याही खाली होता. त्या रात्री एक पहिलारू गाय अडली. मी निघाले आणि अर्ध्या वाटेत पडद्यावर अक्षरं आली: डेफच्या यंत्रणेत बिघाड, अमुक मैलांनंतर वेग कमी केला जाईल. हीटर गेला होता. इंजिनात काहीच वाईट नव्हतं, ते छान चालत होतं. तरी गाडी ताशी पाच मैलांवर आली. शेतकरी त्याच्या वीस वर्षांच्या जुन्या पेट्रोल पिकअपमधून मला न्यायला आला. साखळ्या आणि औषधांचा डबा मांडीवर घेऊन मी त्याच्या शेजारी बसले. गाय वाचली, वासरू नाही.

हीटर वॉरंटीत बदलून मिळाला, पण गाडी सहा दिवस गॅरेजात होती आणि मी भाड्याच्या गाडीत टाकी-पेटीशिवाय फिरत होते. पुढे ८०,००० मैलांच्या सुमाराला वॉरंटीबाहेर जाळी बदलली, ३,८०० डॉलर. धुराचे दोन सेन्सर, एक हिवाळ्यात आणि एक उन्हाळ्यात, मिळून १,४००. उच्च दाबाचा इंधन पंप मात्र टिकला. तो फुटला असता तर त्याचे धातूचे कण सगळ्या नळ्यांत आणि नोझलांत जातात आणि बिल दहा हजारांच्या घरात जातं. पाच वर्षं ती भीती डोक्यात होती.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये इथल्या पर्यावरण खात्याने, ईपीएने, कंपन्यांना सांगितलं की डेफच्या बिघाडावरून गाडीची ताकद अशी अचानक काढून घेऊ नका, सॉफ्टवेअर बदला. वाचून बरं वाटलं. त्या थंडीतली ती रात्र तेवढी परत येत नाही.

मार्च २०२२ मध्ये मी एफ-२५० घेतला. हे ७.३ इंजिन फोर्डने २०२० च्या मॉडेलपासून आणलं आणि ते मुद्दाम जुन्या वळणाचं ठेवलं: बिडाचा ब्लॉक, आठ सिलिंडर, एकच कॅमशाफ्ट तोही ब्लॉकमध्ये, वर पुशरॉड, म्हणजे झडपा ढकलून उघडणारे दांडे. टर्बो नाही. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये न मारता आधीच्या वाटेत फवारतात. ताकद ४३० घोड्यांची, टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ४७५ पाउंड-फूट. त्याच साली त्याच ट्रकमध्ये मिळणाऱ्या डिझेलचा टॉर्क १,०५० होता, दुपटीहून जास्त. हा फरक पहिल्याच चढणीला कळतो. डिझेल जिथे मिनिटाला सोळाशे फेऱ्यांवर गुरगुरत चढायचा, तिथे हा चार हजारांवर जाऊन मोठ्याने आवाज करतो. पहिल्या महिन्यात मी पाय काढून घ्यायचे, वाटायचं काही तुटेल. आता सवय झाली. हे इंजिन तसंच चालायला बनवलेलं आहे.

चार वर्षांत ८८,००० मैल झाले. गॅरेजात गाडी गेली ती ऑइल, टायर, ब्रेक पॅड, बॅटरी एवढ्याचसाठी. रस्त्यात एकदाही उभी राहिली नाही. उणे पंचवीसला चावी फिरवली की लागते, आणि पाच-सहा मिनिटांत केबिनमध्ये ऊब येते. डिझेलला रात्री इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची वायर लावून ठेवायला लागायची, टाकीत डिझेल गोठू नये म्हणून औषध टाकायला लागायचं, आणि तरी ऊब यायला पंधरा मिनिटं. हातमोजे काढून गाईच्या पोटात हात घालायचा असतो, त्या हाताला हे फार मोठं आहे. शिवाय डिझेल इंजिन दोन-अडीचशे किलोने जड. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळून गोठ्यापुढे चिखल होतो, तेव्हा तो जड पुढचा भाग रुतायचा. हा कमी रुततो.

आता पैसे. ८,५०० पाउंडांवरच्या वजनी वर्गातल्या गाड्यांना सरकारी मायलेजचा कागद चिकटवत नाहीत, त्यामुळे शोरूममध्ये कुणी काहीही सांगतो. माझी वही सांगते ती अशी: डिझेलने गॅलनला १५ मैल दिले, पेट्रोल १२ देतो. आपल्या भाषेत लिटरला ६.४ आणि ५.१ किलोमीटर. गेल्या वर्षी मी पेट्रोलला गॅलनमागे सरासरी ३.०५ डॉलर मोजले, तेव्हा डिझेल ३.७० च्या आसपास होतं. २२,००० मैलांना पेट्रोल झालं साधारण ५,६०० डॉलरचं, डिझेल झालं असतं ५,४०० चं. दोनशे डॉलर वाचले असते म्हणायचे, पण त्यात डेफचे पावणेदोनशे घाला. डिझेलचे दोन इंधन फिल्टर घाला. ऑइल दीडपटीहून जास्त आणि ते निम्म्या मैलांवर. पहिल्या दिवशी जास्त मोजलेले दहा हजार तर अजून हिशोबात धरलेच नाहीत. २०२२ च्या उन्हाळ्यात डिझेल साडेपाच डॉलरवर गेलं, तेव्हा डिझेलवाल्या शेतकऱ्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. डिझेल ट्रक विकताना किंमत चांगली आली, हे खरं आहे. पण त्याआधी जाळीने आणि सेन्सरने ते पैसे घेऊन ठेवले होते.

कॅम्परवाल्यांनी मात्र इथे थांबून ऐका. तुमचं काम माझ्यासारखं नाही.

आमच्या पलीकडच्या शेतातल्या म्हाताऱ्यांकडे २०१२ चा रॅम ट्रक आहे, कमिन्स कंपनीचं ६.७ लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. ते मोठ्या ट्रेलरमध्ये चौदा-पंधरा गाई भरून बाजाराला नेतात, परत येताना गवताचे मोठे गठ्ठे आणतात. एका खेपेला शे-दोनशे मैल, भरल्या ट्रेलरने. तीन लाख मैलांच्या वर गेलीय गाडी. जाळी सलग तापते, काजळी जळून जाते, तेलात काही उतरत नाही. आणि उताराला त्यांचा एक्झॉस्ट ब्रेक, धूर अडवून इंजिनानेच गाडी आवरणारा! दरीत उतरताना त्यांचा पाय ब्रेकवर नसतोच. एकदा त्यांचा अर्धा भरलेला ट्रेलर मी माझ्या एफ-२५० ला जोडला होता. गॅलनला ७ मैल मिळाले आणि उताराला सारखं गिअर पाडावं लागलं. पाच-सहा टनांचा कॅम्पर घेऊन दरवर्षी रॉकीजच्या डोंगरांत जाणार असाल तर डिझेलच घ्या, पैसे मोजल्याचं वाटणार नाही. वर्षातून दोनदा इथल्या विस्कॉन्सिनमधल्याच डेव्हिल्स लेकपर्यंत जाऊन यायचं आणि बाकी दिवस ट्रक किराणा आणायला, तर डिझेल घेऊ नका. अशा वापराने ती जाळी मरते.

आणखी एक सांगायलाच हवं, कारण डिझेल घेतलात की कुणीतरी कानाशी येऊन म्हणेल, "जाळी काढून टाका, सॉफ्टवेअर बदला, सगळे त्रास संपतील." मलाही दोघांनी सांगितलं होतं. हे कायद्याने बंद आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये खुद्द कमिन्सने रॅम पिकअपमधल्या धुराच्या नियंत्रणाला फसवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आरोपांवरून १६७.५ कोटी डॉलरचा दंड भरायला मान्यता दिली. पण माझं 'नाही' दंडाच्या भीतीने नव्हतं. आप्पांनी बत्तीस वर्षं डेपोच्या शेडमध्ये, चालू इंजिनांच्या मध्ये उभं राहून तो धूर घेतला. तेव्हा जाळी नव्हती, युरिया नव्हता. डिझेलचा धूर कॅन्सर करतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २०१२ साली नि:संदिग्धपणे सांगितलं, तोवर आप्पा निवृत्त झाले होते. पहाटे चारला उठून त्यांचा खोकला सुरू होतो, तो मी लहानपणापासून ऐकते आहे. ज्या जाळीने मला एवढा त्रास दिला, ती असायलाच हवी. मला ती सांभाळता येईल असं काम नाही, म्हणून मी पेट्रोल घेतला.

पेट्रोल घेतल्याचं मी आप्पांना दोन महिने सांगितलं नव्हतं. शेवटी व्हिडिओ कॉलवर बॉनेट उघडून फोन इंजिनापाशी धरला. त्यांनी आईला टीव्ही बंद करायला लावला, बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "पुशरॉड हाय काय गं? मग ठीक हाय."

या शरद ऋतूत गाडीचे आठही स्पार्क प्लग बदलायचे आहेत, साधारण लाख मैलांना सांगितलेलं काम. त्यांना बोलता बोलता सांगितलं. त्यांनी बजावलंय, "जुनं प्लग टाकू नगंस. कापडात गुंडाळून ठेव. आल्यावर रंग बघायचाय मला." डिसेंबरची तिकिटं काढली आहेत.