प्लगमध्ये बसणारा वॅट-मीटर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सॉकेट आणि उपकरणाचा प्लग यांच्या मधोमध बसणारा हा छोटा मीटर व्होल्ट, अँपिअर, वॅट, पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार) आणि युनिट असे पाच आकडे दाखवतो. त्यातला सगळ्यांत ठळक आकडा वॅटचा, आणि फसवतोही तोच. बिल येतं ते युनिटवर. १००० वॅटचा भार तासभर चालला की एक युनिट.

फ्रिज घ्या. कॉम्प्रेसर चालू असताना पडद्यावर ११० वॅट दिसले की लोक २४ ने गुणून २.६४ युनिट धरून मोकळे होतात. पूर्ण दिवस मीटर लावून ठेवला तर नोंद १.१ युनिटच्या आसपास येते, कारण कॉम्प्रेसर थांबत थांबत चालतो. उलटही होतं. नो-फ्रॉस्ट फ्रिजमधला बर्फ वितळवणारा हीटर दोन तासांच्या मोजणीत लागलाच नाही, तर आकडा कमी भरतो. म्हणून फ्रिज किमान २४ तास मोजावा, जमलं तर तीन दिवस. सुरुवातीला युनिटची नोंद शून्य करायला विसरू नका, नाहीतर कालच्या इस्त्रीचे युनिट आज फ्रिजच्या नावावर चढतात.

मीटर खरा की खोटा हे इलेक्ट्रिक किटलीने तपासता येतं. २५ अंशांचं एक लिटर पाणी १०० अंशांवर न्यायला ०.०८७ युनिट लागतात. किटलीचं भांडं तापतं, थोडी वाफ जाते, हे धरून ०.०९५ ते ०.१० दिसलं तर मीटर ठीक. ०.०८ दिसलं तर तो मीटर परत करा.

व्होल्टेजकडेही लक्ष असू द्या. २३० व्होल्टला २००० वॅट घेणारा हीटर २१० व्होल्टला सुमारे १६७० वॅटच घेतो. यात बचत वगैरे काही नाही. पाणी तापायला तेवढा वेळ जास्त लागतो.

एलईडी बल्बवर मात्र गोंधळ होतो. २३० व्होल्ट गुणिले ०.०७ अँपिअर म्हणजे १६, आणि वॅट दिसतात ९. मीटर बिघडलेला नसतो, पॉवर फॅक्टर ०.५६ असतो. युनिट मोजणाऱ्या घरच्या मीटरवर ९ च धरले जातात.

कमकुवत बाजू दोन. पहिली, अगदी लहान भार. एक-दोन वॅट खाणारा चार्जर लावला की पडद्यावर कधी शून्य, कधी तीन. असे चार-पाच चार्जर एका एक्स्टेंशन बोर्डवर एकत्र लावून मोजले तर आकडा भरवशाचा येतो. स्टँडबायवर दहा वॅट खाणारा सेट-टॉप बॉक्स मात्र नीट सापडतो. महिन्याला ७.२ युनिट, टीव्ही बंद असतानासुद्धा!

दुसरी बाजू धोक्याची आहे. डब्यावर १६ अँपिअर छापलेलं असलं तरी आतल्या धातूच्या पट्ट्या पातळ असतात आणि रोज काढघाल केल्याने सैल पडतात. ०.०५ ओहमच्या सैल जोडावर ८.७ अँपिअर (२००० वॅटच्या गिझरइतके) गेले की त्या टिचभर जागेत जवळपास ४ वॅट उष्णता तयार होते. प्लास्टिक पिवळं पडायला लागतं, मग जळका वास येतो. दहा मिनिटांनी हात लावून पाहा. चटका बसत असेल तर तो मीटर पुन्हा वापरू नका.

त्यामुळे गिझर यावर मोजूच नये. त्यासाठी घरच्या मीटरवरचा लुकलुकणारा दिवा पुरतो. मीटरवर ३२०० इम्पल्स (म्हणजे एका युनिटला ३२०० लुकलुकी) लिहिलं असेल तर बाकी सगळं बंद करून दहा लुकलुकींचा वेळ घ्या, दहाने भागा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा. दहा लुकलुकी ५.६ सेकंदांत झाल्या तर भार २००० वॅट. इम्पल्सचा आकडा वेगळा असेल तर ३६ लाखांना त्याने भागून ११२५ च्या जागी वापरा.

क्लॅम्प (तारेभोवती बसवून अँपिअर मोजणारा चिमटा) वापरायचा असेल तर तो एकाच तारेभोवती लावा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही कवेत घेतल्या तर उलटसुलट प्रवाह एकमेकांना खातात आणि आकडा शून्य येतो.