त्सुम खोऱ्यातलं परमिट आणि ‘आयसी की एनसी?’

आमच्या नेपाळ ट्रेकच्या कार्यक्रमपत्रिकेत पाचव्या दिवसापुढे लिहिलं होतं, ‘छेकम्पार मुक्काम, कॅम्पफायर, चिकन बार्बेक्यू’. शंका तिथेच यायला हवी होती. त्सुम खोऱ्यातल्या गावांनी 1920 मध्ये शपथ घेतली की इथे प्राणी मारायचा नाही, शिकार नाही, मधाची पोळीसुद्धा काढायची नाही. ‘श्याग्या’ म्हणतात तिला, आणि लोक ती आजही पाळतात. म्हणजे ज्याने तो कागद बनवला, त्याने पवना धरणाकाठच्या कुठल्यातरी टेंटवाल्याचा मजकूर उचलून चिकटवला होता. आम्ही हसलो आणि ॲडव्हान्स भरून मोकळे झालो.

मी आणि माझा मेहुणा, ऑक्टोबर 2023. सह्याद्रीत पंधरा-वीस वर्षं भटकलेले, पण नेपाळ पहिल्यांदाच. त्सुम हे गोरखा जिल्ह्यातलं, तिबेटच्या सीमेला टेकलेलं खोरं. परदेशी ट्रेकर्सना ते 2008 मध्ये खुलं झालं. आपल्याला नेपाळचा व्हिसा लागत नाही, मग परमिट कशाला लागेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. लागतं. हा प्रतिबंधित भाग आहे. नोंदणी असलेली एजन्सी आणि परवानाधारक गाईड असल्याशिवाय परमिट निघत नाही, स्वतः रांगेत उभं राहून काढायची सोय नाही. म्हणजे आपली मान आधीच दुसऱ्याच्या हातात.

आयोजक पुण्यातला. नाव देत नाही. पॅकेजच्या पैशांशिवाय परमिटचा वेगळा हिशेब त्याने व्हॉट्सॲपवर पाठवला. माणशी त्सुम 40 डॉलर, शेजारच्या मनास्लू भागाचे 100 डॉलर, मनास्लू संवर्धन क्षेत्र 3000 रुपये, अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्र 3000 रुपये. ‘ही सगळी गव्हर्नमेंट फी आहे सर, यात माझा एक रुपया नाही.’

यातले त्सुमचे 40 डॉलर बरोबर. सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत पहिल्या सात दिवसांचा तेव्हाचा दर तोच होता. पण मनास्लूचं परमिट लागतं ते लार्क्या खिंडीकडे जाणाऱ्यांना, आणि अन्नपूर्णेचं लागतं ती खिंड ओलांडून पलीकडे धारापानी गावाला उतरणाऱ्यांना. आम्ही त्सुममध्ये शिरून आल्या वाटेने परतणार होतो. दोन्हींचा आमच्याशी संबंधच नव्हता. राहिलं मनास्लू संवर्धन क्षेत्र, ते मात्र लागतंच. तिथे 3000 हा दर सार्कबाहेरच्या परदेशी लोकांना आहे. सार्कमधल्यांना, म्हणजे आपल्याला, 1000. तेही नेपाळी. एक भारतीय रुपया म्हणजे 1.6 नेपाळी, तेव्हा आपले झाले 625. आमच्याकडून घेतले 3000 भारतीय. डॉलर 83 ने धरला तर माणशी 13,675 रुपये उगाचच गेले.

हे कळलं जगत गावच्या परमिट तपासणी चौकीत. नोंद करून तिथल्या मुलाने कागद परत दिले, तेव्हा पावतीवरचा 1000 चा आकडा पहिल्यांदा नीट पाहिला. आणि कागद दोनच होते. चारांपैकी दोन. तोवर कागद गाईडच्या पाऊचमध्ये होते, आणि ‘गाईडकडे आहेत ना’ म्हणून आम्ही निर्धास्त.

हा गाईड म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा, गोड बोलणारा पोरगा. कार्ड मागितलं तर म्हणाला, ‘ऑफिस में है, दाइ.’ दाइ म्हणजे दादा. चुमलिंग गावाच्या पुढे वाटेत एक लांब मणी-भिंत लागली, मंत्र कोरलेल्या दगडांची. अशी भिंत उजव्या हाताला ठेवून जायचं असतं, आपल्या प्रदक्षिणेसारखं. हा तरातरा उलट्या बाजूने निघाला. समोरून पाठीवर डोको, म्हणजे वेताची टोपली, घेतलेली एक आजी येत होती. ती थांबली, काहीतरी पुटपुटली आणि बोटाने हवेत गोल काढून दाखवला. पोरगा ओशाळून मागे वळला. मेहुणा माझ्या कानाशी म्हणाला, ‘भावोजी, हा इथे आपल्याइतकाच नवा आहे.’

खरा दणका निले गावात बसला. रात्री चुलीभोवती बसून लोण्याचा खारट चहा पीत होतो. दुसऱ्या ग्रुपचा वयस्कर गाईड शेजारी होता. त्याने सहज आमचं परमिट बघायला मागितलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, ‘दाइ, यो त भोलि सकिन्छ.’ उद्या संपतंय! सात दिवसांचं परमिट, आणि तारीख काठमांडू सोडलं त्या दिवसापासूनची. प्रतिबंधित भागात शिरेपर्यंतच त्यातले दिवस गेले होते. पुढच्या दिवसांचा दर दिवसाला 7 डॉलर. पाच दिवस वाढवून घेतले असते तर माणशी 35 डॉलर, साधारण 2900 रुपये. नको ते परमिट विकून 100 डॉलर घेणाऱ्याने हवे ते 35 वाचवले.

आमचा पोरगा अंधारात फोन लावून आला. ‘दाइ, पुलिस पकडेगा. बीस हज़ार लगेगा, मैं सँभाल लूँगा.’

‘आयसी की एनसी?’ एव्हाना आम्ही हे विचारायला शिकलो होतो. इंडियन करन्सी की नेपाळी, तिथे सगळेच असं विचारतात.

‘आयसी.’

घासाघीस करून 12,000 वर आणलं. मु गोम्पा हा बौद्ध मठ तिथून फक्त काही तासांवर होता, ज्यासाठी एवढ्या लांब आलो होतो. तो सोडून सकाळी मागे फिरलो. परतताना चौकीत पोरगा आमचे कागद घेऊन एकटाच आत गेला आणि दोन मिनिटांत बाहेर आला. पावती नाही. ते पैसे चौकीपर्यंत पोचलेच नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा जाणार असाल तर काठमांडूत जीपमध्ये बसण्याआधी परमिट स्वतःच्या हातात घ्या. नाव आणि पासपोर्ट नंबर तर बघाच, पण वाट कुठली लिहिलीय आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, ते बोट ठेवून वाचा. फोटो काढून ठेवा. प्रत्येक फीची पावती मागा, आणि पावतीवरचा आकडा आयोजकाच्या हिशेबाशी लावून बघा. गाईडचं कार्ड ‘ऑफिसमध्ये’ असेल तर ते येईपर्यंत चहा पीत बसा.

परत आल्यावर आयोजकाकडे पावत्या मागितल्या. आठ दिवस निळ्या टिका. मग उत्तर आलं, ‘सर, पुढच्या वर्षी अप्पर मुस्तांग काढतोय. तुम्हाला 5000 कमी लावू.’

मेहुण्याने माझा फोन घेऊन टाइप केलं, ‘आयसी की एनसी?’